पाय अडतो, पण पॅडल अडत नाही



आपल्या शाळेत तिसरीत शिकणाऱ्या एका मुलाचा मी आजोबा. गोविंदपुऱ्यात सकाळी फिरायला निघणारे पालक मला ‘सायकलवाले काका’ म्हणून ओळखतात. पण शाळेच्या कार्यक्रमाला आलो की त्यांतले काही जण चकित होतात, कारण तिथे मी काठी टेकत, लहान लहान पावले टाकत येतो. दारातून आत शिरताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. उजवा हात थरथरत असतो. गेल्या स्नेहसंमेलनात एका मातेने काळजीने विचारले, “काका, चालताना इतका त्रास होतो, मग सायकल कशी काय चालवता?”

प्रश्न अगदी रास्त आहे. तिथे दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. भेलमध्ये टर्बाइनच्या विभागात ३६ वर्षे काढलेला माणूस आहे. पण स्वतःच्या आजाराविषयी डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, ते आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल असे वाटते.

सायकलींचे गाव

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगतो. पंडित नेहरूंनी ६ नोव्हेंबर १९६० रोजी भोपाळचा हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. मी १९७२ साली नागपूरहून आलो तेव्हा कंपनीचे नाव हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड होते. १९७४ मध्ये ती भेलमध्ये विलीन झाली. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वस्त्यांमधून शिफ्टच्या वेळी सायकलींचा लोंढा निघायचा. हँडलला डबा, मागे कॅरियर, आणि गेटजवळ घंट्यांचा एकच गलका! व्यायाम हा शब्दही कोणाच्या तोंडी नसे, पण रोज जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर होत असत.

पुढे स्कूटर आली, मोटार आली. २००८ मध्ये निवृत्त झालो तेव्हा माझी सायकल जिन्याखाली गंजत पडली होती. ती पुन्हा बाहेर निघाली ती आजारामुळे.

कंपवात म्हणजे काय?

मला सहा वर्षांपूर्वी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान झाले. इंग्लंडमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे पहिले नीट वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव. मेंदूच्या आत खोलवर काही पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, तिचा वेग राखणे आणि ती सहजपणे होऊ देणे यासाठी हे रसायन लागते. या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागतात. मग हात थरथरतो, अंग ताठरते, अक्षर बारीक होत जाते, आवाज खोल जातो आणि सगळ्याच हालचाली मंदावतात.

कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर यंत्र शाबूत आहे, पण गव्हर्नर बिघडला आहे. पायांत ताकद असते, तरी ‘चल’ हा हुकूम वेळेवर पोहोचत नाही. लेव्होडोपासारख्या औषधांनी डोपामिनची उणीव बरीच भरून निघते, त्रास पुष्कळ कमी होतो. पण नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत.

चालणे अडते, मग सायकल का नाही?

२०१० साली बास ब्लूम या डच मेंदूरोगतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्याने एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्ण ५८ वर्षांचा, कंपवात १० वर्षांचा जुना. चार पावले चालताना त्याचे पाय गोठत आणि तोल जाई. पण हाच माणूस सायकलवर बसवला की सफाईने पॅडल मारत जाई, वळून परत येई. खाली उतरला की पाय पुन्हा गोठत. डॉक्टरांनी त्याचे चित्रीकरणच केले होते. ते जगभर पाहिले गेले.

असे का व्हावे, याची काही कारणे तज्ज्ञ सुचवतात. चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो, आणि प्रत्येक पाऊल नव्याने सुरू करावे लागते. आजारी मेंदूची अडचण नेमकी तिथेच आहे. सायकलवर शरीराचा भार सीट घेते. एक पॅडल खाली गेले की दुसरे आपोआप वर येते, म्हणजे एक पाय दुसऱ्याला उठवतो. शिवाय पॅडलच्या फिरण्याला एक ठेका असतो. बाहेरून ठेका मिळाला की कंपवाताच्या रुग्णाची हालचाल सुधारते, हे चालण्यातही दिसते. जमिनीवर पट्टे आखले किंवा कोणी टाळ्या वाजवल्या, तर अडलेले पाऊल कित्येकदा सुटते.

इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. ब्लूम यांच्याच गटाने पुढे दाखवून दिले की आजार सुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच एखाद्याचे सायकल चालवणे सुटले, तर तो नेहमीचा कंपवात नसून त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आजार असण्याची शक्यता वाढते. म्हणून पूर्वी सायकल चालवणाऱ्या रुग्णाला आता तोल सावरत नसेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

फायदा खरेच होतो का?

अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमधील संशोधक जे अल्बर्ट्स यांनी २००३ साली कंपवात असलेल्या एका महिलेबरोबर दोघांनी चालवायच्या जोडसायकलवरून आयोवा राज्य पार केले. पुढे पॅडल मारणारे ते होते, त्यामुळे त्या बाईंचे पायही त्यांच्याच वेगाने फिरत होते. त्या प्रवासात बाईंचे अक्षर सुधारलेले दिसले! व्यायाम पायांचा, आणि फरक हाताला. त्यावरून त्यांनी पुढे प्रयोग केला आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ८ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा जोडसायकलवर जलद पॅडल मारणाऱ्या रुग्णांच्या हालचालींच्या गुणांकनात सुमारे ३५ टक्के सुधारणा झाली. मात्र प्रयोगात एकूण रुग्ण फक्त १० होते, हे विसरू नये.

त्याहून मोठी चाचणी नेदरलँड्समध्ये झाली व २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १३० रुग्णांपैकी निम्म्यांनी घरीच स्थिर सायकलवर आठवड्यातून ३ वेळा ३० ते ४५ मिनिटे व्यायाम केला, उरलेल्यांनी ताणाचे हलके व्यायाम केले. ६ महिन्यांनी सायकलवाल्यांच्या हालचालींची घसरण दुसऱ्या गटापेक्षा कमी निघाली. म्हणजे रोग बरा झाला नाही, पण उतार मंद झाला. माझ्यासारख्याला एवढेही पुष्कळ आहे.

आणि वय? फ्रान्सचे रोबेर मार्शाँ यांनी २०१७ साली १०५व्या वर्षी एका तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली होती. १०१ ते १०३ या वयात सरावाने त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता १३ टक्क्यांनी वाढल्याचे शास्त्रज्ञांनी मोजले. आपल्याला विक्रम करायचा नाही. पण “आता या वयात काय सुधारणार?” हा प्रश्न त्यांनी निकालात काढला आहे.

माझी चूक

आता स्वतःची एक फजिती. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मी गोळी न घेताच घाईने निघालो. फेरी ठीक झाली. घराच्या फाटकाशी थांबलो, पाय जमिनीवर टेकायचा तर तो उचललाच जाईना. उभ्या सायकलसकट आडवा झालो. कोपर सोलले, गुडघा सुजला. मुलाने काही न बोलता सायकलला कुलूप लावले आणि किल्ली कपाटात ठेवली. त्याचे चुकले असे मी म्हणत नाही. त्याच्या जागी मीही तेच केले असते.

पण पुढचे दोन महिने मी खुर्चीत बसून काढले. अंग जास्तच ताठरले, झोप गेली, पोट साफ होईना, बोलणेही कमी झाले. सौ. म्हणाली, “पडलात तेव्हा बरे होतात, आता बसून आजारी झाला आहात.” शेवटी मुलगाच मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी रक्तदाब, तोल, नजर सगळे तपासले, व्यायामतज्ज्ञांकडे पाठवले आणि काही अटींवर परवानगी दिली. त्या अटी लिहून आम्ही फ्रिजवर चिकटवल्या आहेत.

आमचे नियम

१. गोळी घेतल्यावर तिचा असर सुरू झाला की निघायचे. मला साधारण पाऊण तास लागतो. दूध, पनीर, डाळ यांबरोबर ही गोळी घेतल्यास काहींना असर कमी होतो, म्हणून वेळा डॉक्टरांना विचारून ठरवल्या.

२. जुनी दांड्याची सायकल दिली आणि खालच्या दांड्याची, लेडीज म्हणतात तशी, घेतली. पाय मागून फेकावा लागत नाही. खरा धोका चालवताना कमी आणि चढता-उतरताना जास्त असतो.

३. सीट इतकीच उंच की थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना सीट फार खाली असली तर गुडघा दुखतो. त्यांनी मेळ साधून घ्यावा.

४. रायसेन रोडवर जायचे नाही. तिथे ट्रक असतात, आणि सकाळी पूर्वेकडे निघाले की ऊन थेट डोळ्यांवर येते. टाऊनशिपच्या आतले झाडांचे सपाट रस्ते बरे. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, रोज ४० मिनिटे.

५. श्रम इतकेच की बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

६. जानेवारीत धुके असेल, पावसाने पाने कुजून रस्ता निसरडा असेल किंवा उठल्यावर चक्कर येत असेल, तर व्हरांड्यातली स्थिर सायकल. उन्हाळ्यात लू सुरू होण्याआधी घरी परत.

७. हेल्मेट, पुढे बंद असलेले बूट, खिशात मोबाइल आणि नाव, आजार, घरचा नंबर लिहिलेले कार्ड. मधुमेह असणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी.

८. आठवड्यातून दोनदा ब्रेक, हवा, चेन तपासायची. हे काम नातवाचे.

सायकल चालवली म्हणजे सगळे झाले असेही नाही. तिच्यात हाडांवर भार पडत नाही, त्यामुळे हाडे मजबूत होत नाहीत. जमेल तेवढे चालणे, उठ-बस आणि तोलाचे व्यायाम वेगळे करावेच लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारसही तीच आहे : ६५ वर्षांपुढील माणसांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम करावेत, आणि त्याशिवाय स्नायूंच्या ताकदीचे व तोलाचे व्यायाम करावेत.

आणि काहींनी रस्त्यावर सायकल काढूच नये. वारंवार पडणारे, दुहेरी दिसणारे, भास होणारे, विसराळूपणा वाढलेले, उभे राहताच रक्तदाब एकदम उतरणारे, यांनी स्थिर सायकलच चालवावी. ज्यांनी आयुष्यात सायकल चालवलेली नाही त्यांनीही आजारात ती रस्त्यावर शिकू नये. त्यात कमीपणा काही नाही. वर सांगितलेली १३० जणांची चाचणी स्थिर सायकलवरच झाली होती.

घरच्यांना विनंती

पालकहो, तुमच्याही घरी वडील किंवा सासूबाई आजारी असतील. काळजीपोटी आपण त्यांना म्हणतो, “तुम्ही बसा, आम्ही करतो.” त्या बसण्यात प्रेम असते, पण ताठरणाऱ्या अंगाला ते मानवत नाही. ‘नाही’ म्हणण्याआधी एकदा त्यांना डॉक्टरांकडे नेऊन विचारा की काय काय करता येईल. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटात रुग्ण आणि घरचे एकत्र बसून हेच बोलतात. आपल्या भोपाळातील मराठी घरांनीही महिन्यातून एकदा असे जमायला काय हरकत आहे?

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. माझा नातू दर रविवारी त्याच्या छोट्या सायकलवर माझ्या पुढे असतो. वळण आले की घंटी वाजवतो. थांबायच्या जागी आधी उतरतो आणि माझे हँडल धरतो. मग मोठ्याने म्हणतो, “आजोबा, एक, दोन, उतरा!” त्या ठेक्यावर माझा पाय सुटतो. त्याला डोपामिन ठाऊक नाही, पण जमते त्याला बरोबर.

तुमच्या आजी-आजोबांसाठी ‘एक, दोन’ म्हणायला तुम्हीही शिका. त्यांना खरोखर उपयोग होईल.