नाकेबंदीची झळ कोणाला?

सोमाटणे फाट्यावरच्या किराणा दुकानात तूरडाळ घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ती लातूरची की म्यानमारची, हे कळण्याचा मार्ग नसतो. म्यानमारमध्ये 1 फेब्रुवारी 2021 रोजी लष्कराने लोकनियुक्त सरकार उलथून टाकले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये भारताने त्या देशातून पाच वर्षे दरसाल अडीच लाख टन उडीद व एक लाख टन तूर आणण्याचा समझोता केला. हा व्यापार तोडून लष्करशहांना वठणीवर आणावे, असे म्हणणाऱ्यांचा हेतू निःसंशय शुद्ध आहे. परंतु हा प्रयोग आपण घराशेजारीच एकदा करून पाहिला आहे. त्याचा ताळेबंद अशा चर्चेत क्वचितच मांडला जातो.

1926 च्या लष्करी उठावातून पोर्तुगालमध्ये पुढे आलेल्या सालाझारच्या हुकूमशाहीने गोवा सोडावा म्हणून भारताने 1954 पासून आर्थिक निर्बंध घातले. माल अडला, मुंबईत आगबोटींवर व खानावळींत राबणाऱ्या गोवेकरांनी घरी धाडावयाचे पैसे अडले, 1955 मध्ये रेल्वेही थांबली. घडले ते विपरीत. गोव्याच्या बाजारात हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा आणि जपानचे सिमेंट आले. दाबोळीला विमानतळ झाला. मुरगाव बंदरातून जपान व पश्चिम जर्मनीकडे जाणाऱ्या लोहखनिजाची निर्यात कित्येक पटींनी वाढली आणि आयातीचा खर्च त्यातून भागू लागला. खाणमालक गबर झाले. पोस्टमनची वाट पाहत बसली ती सासष्टी-बारदेशातील म्हातारी माणसे. सालाझारच्या ताटातले काहीच कमी झाले नाही! पुढे भारत सरकारलाच निर्बंध सैल करावे लागले. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तो सैन्याच्या कारवाईने. खुद्द पोर्तुगालमधील हुकूमशाही 25 एप्रिल 1974 रोजी कोसळली, तीही आफ्रिकेतील वसाहतींच्या युद्धांना विटलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या हातून.

म्हणून निर्बंध सर्वथा निरुपयोगी, असे मात्र नव्हे. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी भारताने 1946 मध्येच व्यापार तोडला होता. त्याचे नैतिक मोल मोठे, पण तेथील राजवटीला त्याची झळ फारशी लागली नाही. 1985 मध्ये अमेरिकी बँकांनी अल्पमुदतीची कर्जे पुढे चालू ठेवण्यास नकार दिला, तेव्हा मात्र रँड गडगडला आणि उद्योगपतीच सरकारला समजुतीच्या गोष्टी सांगू लागले.

म्यानमारची तूर पिकवतो तो तेथील शेतकरी. राजवटीला मिळणाऱ्या परकीय चलनाचा मोठा वाटा नैसर्गिक वायूचा आहे आणि युरोपीय संघाने 2022 मध्ये निर्बंध घातले ते नेमके तेथील सरकारी तेल व वायू उपक्रमावर. आराकान किनाऱ्यालगतच्या श्वे वायुक्षेत्रात भांडवल गुंतवणाऱ्यांत ओएनजीसी विदेश आणि गेल या भारताच्या सरकारी कंपन्याही आहेत. डाळीच्या पोत्यावरून वाद घालण्याआधी या भागीदारीविषयी लोकसभेत प्रश्न विचारला जावयास हवा.