वजन स्प्रिंगचं, वेग तेलाचा : साइड-बाय-साइडच्या सस्पेन्शनची जुळणी

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय आहे साइड-बाय-साइड गाडीचे शॉक कसे जुळवायचे. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, युटा या भागांत राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांना ही गाडी माहीत असेल. बाकीच्यांसाठी दोन वाक्यं. एटीव्हीवर आपण घोड्यासारखं टांग टाकून बसतो. साइड-बाय-साइडमध्ये दोघं शेजारी-शेजारी बसतात. स्टिअरिंग असतं, पायाशी पेडल असतात, पट्टे असतात आणि डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो. अमेरिकेत ती शेतावर चालते आणि वाळवंटात मौजेसाठीही चालते.

मौजेच्या गाडीचं एक उदाहरण घेऊ. 2013 मध्ये पोलारिस कंपनीची आरझेडआर एक्सपी 1000 आली. तिचं पुढचं चाक 16 इंच आणि मागचं 18 इंच वर-खाली होऊ शकतं. घरच्या कारचं चाक साधारण याच्या निम्मंच हलतं. आणि ही गाडी रिकामी असताना भरते जेमतेम 625 किलो. आता तिच्यात दोन माणसं बसवा, म्हणजे दीडशे-एकशेसाठ किलो. वर पेट्रोल, बर्फाचा कूलर, हत्यारं, स्टेपनी असे आणखी साठेक किलो. म्हणजे गाडीच्या वजनात एक-तृतीयांशाहून जास्त भर पडली. एकट्या माणसासाठी बरोबर असलेली जुळणी दोघांसाठी आणि सामानासाठी बरोबर कशी राहील? तुमच्या गाडीत कोण बसणार आणि काय भरणार, हे कारखान्याला माहीत नसतं. म्हणून शॉकवर त्या रिंगा आणि ती बटणं दिलेली असतात.

हा फक्त आरामाचा प्रश्न नाही

मार्च 2009 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने यामाहाच्या रायनो या साइड-बाय-साइडच्या तीन मॉडेलांसाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली. आयोगाने पन्नासहून अधिक घटना तपासल्या होत्या आणि त्यांत 46 माणसं दगावली होती. दोन-तृतीयांशाहून अधिक घटनांत गाडी उलटली होती. अनेकांनी पट्टा लावलेला नव्हता. आणि पुष्कळ गाड्या सपाट जमिनीवर, तुलनेने कमी वेगात, वळताना उलटल्याचं दिसत होतं.

दुरुस्ती काय होती, ते बघा. मागच्या चाकांना स्पेसर लावून ती बाहेर घेतली आणि मागचा अँटी-स्वे बार काढून टाकला. इंजिनाला हातही लावला नाही. गाडी उलटू नये म्हणून बदलली ती चाकांची रुंदी आणि सस्पेन्शनचा तोल. म्हणजे गाडी उभी राहते की आडवी होते, हे या भागांवर किती अवलंबून असतं ते कळतं. आपण घरी पाना घेऊन शॉकची रिंग फिरवतो, तेव्हा याच तोलाला हात घालत असतो.

दोन कामं, दोन कामगार

ज्याला आपण सरसकट शॉक किंवा शॉकअप म्हणतो, त्यात दोन वेगळे कामगार आहेत. बाहेरची स्प्रिंग वजन उचलते. आतला तेलाचा डॅम्पर हालचालीचा वेग आवरतो. दाराला लावलेला तेलाचा क्लोजर आठवा. हळू ढकललं तर दार सहज हलतं, जोरात ढकललं तर तो अडवतो. डॅम्पर तसाच वागतो. गाडी उभी असताना तो वजन पेलत नाही. हालचाल सुरू झाली की तेल बारीक वाटांमधून रेटलं जातं आणि त्या हालचालीची उष्णता होते. म्हणूनच लांब फेरीनंतर शॉक हाताला चटका बसेल इतका तापतो.

निम्म्या चुका इथे होतात. गाडी खाली बसते म्हणून लोक डॅम्परचं बटण आवळतात. गाडी दणके देते म्हणून स्प्रिंगची रिंग सैल करतात. एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की दोन्ही कामं बिघडतात.

पहिली पायरी : उंची

स्प्रिंगच्या वर जी फिरणारी रिंग असते, तिला प्रीलोड म्हणतात. बहुतेकांना वाटतं, रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते. होत नाही. रद्दीवाल्याचा स्प्रिंगकाटा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या वरचा शून्याचा स्क्रू फिरवला की काटा सरकतो. पण एक किलो रद्दी लटकवल्यावर काटा पूर्वीइतकाच खाली जातो. प्रीलोड म्हणजे तो शून्याचा स्क्रू. गाडीचं वजन तेवढंच, म्हणून स्प्रिंग दबतेही तेवढीच. बदलते ती उंची. चाक दोन इंच हलल्यावर शॉक एक इंच हलतो अशी रचना असेल, तर रिंग 10 मिलिमीटर खाली घेतल्यावर गाडी सुमारे 20 मिलिमीटर वर येते.

मग उंची किती ठेवायची? गाडीच्या पुस्तिकेत आकडा असतो, तो प्रमाण माना. तो नसेल तर साधा ठोकताळा असा : सगळा भार घेऊन उभी असताना गाडीने चाकाच्या एकूण हालचालीचा साधारण एक-तृतीयांश भाग वापरलेला असावा. 18 इंचांपैकी सहाच्या आसपास. याला सॅग म्हणतात. ही जागा वाया गेलेली नसते. पुढे खळगा आला की चाक याच जागेतून खाली उतरतं आणि जमीन सोडत नाही. रुबाबासाठी रिंग आवळून गाडी उंच केली, तर ही जागा संपते. चाक खळग्यावर अधांतरी राहतं आणि गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो. रायनोची गोष्ट ऐकल्यावर उंच गाडीचा हा सौदा महाग आहे, हे वेगळं सांगायला नको.

मोजायची पद्धत अशी. टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे भरा. नेहमीचं सामान ठेवा, नेहमीची माणसं बसवा. सपाट काँक्रीटवर गाडी थोडी पुढे-मागे करा. हे विसरू नका. जॅकवरून उतरवलेल्या गाडीची चाकं आत ओढलेली असतात, ती रबराच्या पकडीमुळे लगेच बाहेर सरकत नाहीत आणि माप खोटं येतं. मग चेसिसच्या तळापासून जमिनीपर्यंतचं अंतर पुढे आणि मागे घ्या. रिंग फिरवायची तर गाडी जॅकने उचलून पक्क्या घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर भरवसा नको. आटे ब्रशने साफ करा, लॉकची रिंग सैल करा आणि डावीकडे जितके फेरे, तितकेच उजवीकडे.

दुसरी पायरी : दोन स्प्रिंगांचा सांधा

बऱ्याच स्पोर्ट गाड्यांत एकावर एक दोन स्प्रिंगा असतात. समजा, वरची दर इंचाला 100 पौंडांची आहे आणि खालची 200 ची. दोन्ही मिळून किती? 300 नाही. 100 गुणिले 200 भागिले 300, म्हणजे सुमारे 67. कारण एकाच वजनाखाली दोघी दबतात. त्यामुळे सुरुवातीची चाल मऊ असते आणि छोटे दगड जाणवत नाहीत. चाक बरंच वर आलं की दोन स्प्रिंगांमधला सरकता तुकडा वरच्या क्रॉसओव्हर रिंगला टेकतो. वरची स्प्रिंग तिथे थांबते आणि पुढचा सगळा भार एकट्या 200 वर येतो. म्हणजे जवळजवळ तिप्पट कडकपणा.

क्रॉसओव्हर रिंग खाली घेतली तर हा कडकपणा लवकर येतो, वर घेतली तर उशिरा. वाळूवर वेगात उड्या मारणाऱ्याला तो लवकर हवा, दगडांतून सावकाश जाणाऱ्याला उशिरा. आता क्रम का महत्त्वाचा ते बघा. प्रीलोडची रिंग खाली घेतली की सरकता तुकडाही थोडा खाली जातो आणि क्रॉसओव्हरपासून लांब पडतो. म्हणून आधी उंची, मग सांधा. उलट केलंत तर सांधा पुन्हा लावावा लागेल.

तिसरी पायरी : दबताना

आता तेलाकडे येऊ. कॉम्प्रेशनचं बटण शॉक दबतानाचा वेग आवरतं. महागड्या शॉकवर दोन बटणं असतात, लो-स्पीड आणि हाय-स्पीड. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. हा वेग गाडीचा नाही, शॉकच्या दांड्याचा आहे. गुळगुळीत वाळूच्या उतारावर गाडी ताशी 80 किलोमीटरने वळत असेल, तरी दांडा सावकाश हलतो. ते लो-स्पीडचं काम. वळताना झुकणं, ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, हेही त्याच्याकडे. आणि ताशी 10 किलोमीटरने चालताना चाक दगडाच्या कडेवरून धप्पकन पडलं, तर दांडा झपकन आत जातो. ते हाय-स्पीडचं काम.

बटण आधी घड्याळाच्या दिशेने हलकेच पूर्ण बंद करा आणि तिथून उलट फिरवत टिकटिक मोजा. जोर लावू नका. उंची बरोबर असूनही गाडी वारंवार तळाला आदळत असेल तर कॉम्प्रेशन वाढवा. दिवसातल्या सर्वांत मोठ्या दणक्याला एखादवेळ टेकली तर हरकत नाही, म्हणजे तुम्ही सगळी हालचाल वापरता आहात. कधीच टेकत नसेल आणि पाठ दुखत असेल, तर कॉम्प्रेशन कमी करा. दांड्याला केबल टाय बांधून ठेवलात, तर शॉक कुठवर गेला होता ते फेरीनंतर दिसतं.

चौथी पायरी : परत येताना

रिबाउंड म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडू द्यायची. सर्वांत जास्त दगाफटका याच बटणात आहे.

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात इम्पीरियल सँड ड्यून्स आहेत, लोक ग्लॅमिस म्हणतात. वाळूचा पट्टा 40 मैलांहून लांब. सारख्या गाड्या गेल्याने वाळूच्या वाटांवर ओळीने उंचवटे तयार होतात, त्यांना व्हूप्स म्हणतात. समजा, ते चार-चार मीटरवर आहेत आणि तुम्ही ताशी 50 किलोमीटरने चालला आहात, म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. सेकंदाला साडेतीन उंचवटे. एका उंचवट्याला 0.3 सेकंदही मिळत नाही. तेवढ्यात शॉकने दबायचं आणि परत उघडायचं.

रिबाउंड फार आवळलेलं असेल तर तो पुरता उघडत नाही. दुसऱ्या उंचवट्याला अर्धा दबलेलाच भेटतो, तिसऱ्याला आणखी दबलेला. गाडी हळूहळू खाली बसते आणि दणके वाढत जातात. चालवणाऱ्याला वाटतं, शॉक कडक आहे. तो कॉम्प्रेशन सैल करतो. मग गाडी आणखी खाली बसते. खूण लक्षात ठेवा : पहिले दोन-तीन उंचवटे ठीक आणि पुढचे वाईट, तर संशय रिबाउंडवर. ते दोन टिकटिक सैल करा.

उलट, रिबाउंड फार सैल असेल तर स्प्रिंग साठवलेला जोर एकदम सोडते. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून स्पीडब्रेकर अनुभवलेल्यांना ती उसळी माहीत आहे. इथे तशीच उसळी गाडीच्या मागच्या बाजूला बसते, मागची चाकं वर जातात आणि नाक वाळूत घुसतं. गाडी कोलांटी खाते ती अशीच. म्हणून मागची बाजू लाथ मारल्यासारखी उडत असेल, तर तिथेच वेग कमी करा आणि मागचं रिबाउंड आवळा.

तपासायची शिस्त

दोन-तीन किलोमीटरची एक ठरलेली फेरी घ्या. पहिली फेरी फक्त शॉक गरम करण्यासाठी, तिच्यावरून काही ठरवू नका. मग एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन टिकटिक, दोन्ही बाजूंना सारखी. वेग तोच, वजन तेच. वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्यात, तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळणार नाही. आणि पट्टा प्रत्येक फेरीला, तपासणीच्या फेरीला तर नक्कीच.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : युटामध्ये मोआबला आम्ही खडकांवर जातो, वाळूवर नाही. तिथे काय बदलायचं?

उत्तर : क्रम तोच, आकडे वेगळे. मोआबच्या वालुकाश्मावर वेग कमी आणि आडवे उतार जास्त. चाक दगडाच्या आकाराप्रमाणे सहज हलायला हवं, म्हणून कॉम्प्रेशन मऊ आणि क्रॉसओव्हर उशिरा. पण उंची वाढवण्याचा मोह टाळा. छतावर सामान बांधू नका. आडव्या उतारावर तेच वजन तुम्हाला खाली ओढतं.

प्रश्न : माझ्या गाडीत शॉक कॉम्प्युटर सांभाळतो. मग हे सगळं कशाला?

उत्तर : तो तेल सांभाळतो. स्प्रिंगची रिंग तो फिरवत नाही. गाडी चुकीच्या उंचीवर बसली असेल, तर कॉम्प्युटर त्या चुकीच्या उंचीवरच हुशारी दाखवतो. पहिल्या दोन पायऱ्या तुमच्याच हातात आहेत.

प्रश्न : रिंग जवळजवळ शेवटपर्यंत आवळली तरी गाडी खालीच बसते.

उत्तर : मग स्प्रिंग तुमच्या वजनाला कमी पडते आहे. जास्त कडक स्प्रिंग घाला. रिंग हा त्यावर उपाय नाही. काही जण शॉकमधल्या नायट्रोजनचा दाब वाढवून उंची मिळवायला बघतात, ते करू नका. तो वायू तेलात फेस होऊ नये म्हणून असतो, वजन उचलायला नाही. शॉक बराच दाबाखाली असतो, तो उघडायचं काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या.

वेळ संपली आहे. या शनिवारी दुसरं काही नाही जमलं, तरी भरलेल्या गाडीची उंची मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. पुढची प्रत्येक पायरी त्या एका आकड्यावर उभी आहे.