गोडाची ओढ आणि वजनाचा प्रश्न : काही मराठी शब्दांच्या आधारे एक विवेचन

वजन उतरविण्याचा निश्चय केलेल्या मनुष्याची खरी परीक्षा जेवणाच्या पाटावर होत नाही. ती दुपारी चारच्या चहाला, रात्री झोपण्यापूर्वी, अथवा परक्या घरी हातावर पेढा ठेवला जातो त्या क्षणी होते. एक भाकरी कमी करणे बहुतेकांना साधते. गोडाची ओढ मात्र आवरत नाही, आणि ती आवरली नाही म्हणून मनुष्य स्वतःस दुबळ्या मनाचा ठरवून सगळेच पथ्य सोडून देतो. हा विषय वैद्यकाचा व आहारशास्त्राचा होय, हे उघड आहे. तथापि ओढ ही ज्याची त्यालाच कळणारी गोष्ट असल्यामुळे तिची चौकशी शब्दांच्या द्वारेच करावी लागते. आणि नेमक्या याच ठिकाणी मराठी भाषेने काही उपयुक्त भेद करून ठेवले आहेत. ज्यास आपण सरसकट ‘गोड खाण्याची इच्छा’ म्हणतो ती एक वस्तू नसून किमान तीन आहेत, व तिन्हींचे उपाय निराळे आहेत, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रश्नाचे स्थानिक स्वरूप

कोल्हापुरात हा प्रश्न विशेष तीव्र व्हावा हे स्वाभाविक आहे. येथील शेती उसाची आणि व्यापार गुळाचा. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेली शाहूपुरी ही पेठ गुळाच्या व्यापारासाठीच नावारूपास आली. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक निर्देशनही मिळाले. गुऱ्हाळ, काहील, काकवी, रवा हे शब्द येथे कोशात पाहावे लागत नाहीत.

वजनाचा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही, हे सांगणारे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलेच छायाचित्र व मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीशी वजनाचे प्रमाण दाखविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले. तात्पर्य, भारतीय शरीर काट्यावर हलके भरूनही आत मेद साठवून असू शकते. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एकमतात या निर्देशांकाची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली, म्हणजे अतिरिक्त वजनासाठी २३ व स्थूलतेसाठी २५ अशी सुचविली. मधुमेहाचा धोका याच साठ्याशी निगडित असल्याने गोडाचा विचार येथे टाळता येत नाही.

२. नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही

मराठीत रुचीचे नावच पदार्थावरून पडलेले दिसते. ‘गोड’ या शब्दाचा संबंध ‘गुड’ आणि त्यापासून झालेला ‘गौड’ या संस्कृत शब्दांशी जोडला जातो. म्हणजे जे गुळाचे ते गोड. ‘साखर’ हा शब्द संस्कृत ‘शर्करा’ या शब्दापासून प्राकृत ‘सक्करा’ या रूपातून आला. ‘शर्करा’ याचा जुना अर्थ खडे, वाळूचे कण. हाच शब्द फारसी-अरबीमार्गे युरोपात गेला व ‘शुगर’ होऊन इंग्रजीबरोबर आपल्याकडे परत आला.

या परतीमुळे एक मौज झाली आहे. चहात पडते ती ‘साखर’ आणि रक्तात वाढते ती ‘शुगर’ असा व्यवहारभेद आज घरोघर ऐकू येतो. “त्यांना शुगर आहे” असे म्हणणारा मनुष्य त्याच वाक्यात “थोडी साखर घाला” असेही म्हणतो. मूळचा एकच शब्द दोन वाटांनी आल्यामुळे कार्यकारणाचा धागा ऐकणाऱ्याच्या कानाआड होतो.

दुसरा भेद गूळ व साखर यांच्यातील. “मी साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो” हे वाक्य कोल्हापुरात वारंवार कानी पडते. गुळात काही खनिजे राहतात व त्याची चव निराळी, हे खरे. परंतु १०० ग्रॅम साखरेपासून सुमारे ४०० कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच गुळापासून सुमारे ३८०. वजनाच्या दृष्टीने हा फरक नगण्य होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ‘मुक्त साखर’ या संज्ञेखाली वरून घातलेली साखर, मध, पाक व फळांचे रस यांचा एकत्र समावेश केला. गुळाची गणनाही त्यातच करावी लागते. मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहूनही कमी, अशी त्या संघटनेची शिफारस आहे. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या मनुष्यास याचा अर्थ अनुक्रमे ५० व २५ ग्रॅम. आता दोन चमचे साखरेचे चार कप चहा धरले, व चमचा ५ ग्रॅमचा मानला, तर ४० ग्रॅम साखर केवळ चहातूनच पोटात जाते. आणि तिला कोणी ‘गोड खाणे’ म्हणत नाही.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ‘चहा’ हे अचिन्हित रूप आहे आणि ‘बिनसाखरेचा चहा’ हे चिन्हित. साखर गृहीत असते. तिचा अभाव मात्र सांगावा लागतो. ‘घोटभर रस घेणे’, ‘काहीतरी तोंडात टाकणे’ हे प्रयोगही याच जातीचे. ऊस सोलून खाणाऱ्याचे दात व जबडा लवकर दमतात; रसवंतीतील २०० मिलिलिटरचा पेला दोन मिनिटांत संपतो आणि २० ग्रॅमहून अधिक साखर देऊन जातो. ज्या खाण्यास खाणे हे नाव नाही, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

३. भूक, तलफ आणि रीत

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गोड खावेसे वाटण्यामागे पहिली शक्यता साध्या भुकेची असते. भूक हळूहळू वाढते, कोणत्याही अन्नाने शमते. सकाळी उपाशी राहून अथवा नुसत्या चहा-बिस्किटांवर भागवून दुपारी बर्फीवर मन जाते, तेव्हा ती गोडाची आवड नसून शरीराची ऊर्जेची मागणी असते. ओळखण्याची खूण सोपी आहे : त्या क्षणी भाकरी व मटकीची उसळ पुढे आली तर ती खावीशी वाटते काय? वाटत असेल तर ती भूक होय.

दुसरी तलफ. हा शब्द आपण तंबाखू, विडी, चहा यांच्या संदर्भात वापरतो, आणि तो अचूक आहे. तलफ विशिष्ट वस्तूचीच असते. उसळीने ती भागत नाही. ती वेळेला व जागेला बांधलेली असते : कचेरीतून सुटण्याची वेळ, दूरदर्शन संचासमोरची खुर्ची, मिठाईच्या दुकानावरून जाणारी वाट. भूक न भागविल्यास वाढत जाते. तलफ मात्र उसळते आणि काही वेळाने ओसरते.

तिसरी रीत. येथे खाणाऱ्यास भूकही नसते, तलफही नसते. बारसे, साखरपुडा, परीक्षेचा निकाल, संक्रांतीचा तिळगूळ अशा प्रसंगी ‘तोंड गोड करणे’ हा एक सामाजिक व्यवहार असतो. आल्यागेल्यास गूळपाणी देण्याची जुनी पद्धत याच कुळातली. नको म्हटल्यास पदार्थाचा नव्हे, देणाऱ्याचा अव्हेर केल्यासारखे होते.

या तिन्हींतील एक व्याकरणिक साम्य लक्षणीय आहे. “त्याला भूक लागली”, “त्याला तलफ आली”, “त्याला लाडू खावासा वाटला”, “त्याला आग्रह झाला” : सर्वत्र मनुष्य चतुर्थीत आहे. ओढ त्याच्याकडे येते. तो तिचा कर्ता नाही. परंतु “त्याने लाडू खाल्ला” या वाक्यात तो कर्ता होतो. व्याकरणावरून शरीरशास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य करूनही असे म्हणता येईल की, चतुर्थीपासून तृतीयेपर्यंतचे जे अंतर आहे तेच संयमाचे क्षेत्र होय. ओढ आली याबद्दल स्वतःस दोष देण्याचे कारण नाही. आल्यानंतर काय करावयाचे एवढेच आपल्या हाती असते.

४. तीन कारणांचे तीन उपाय

भुकेवर उपाय उपासाचा नसून पुरेशा जेवणाचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल मनुष्यास भूक व तहान अधिक लागते असे सांगून त्याच्यासाठी पचावयास जड, पण पोषण वाढविणारा नव्हे, असा आहार सुचविला आहे. आजच्या भाषेत हे प्रथिने व तंतुमय पदार्थ यांचे महत्त्व होय, असे म्हणण्यास हरकत नाही. कडधान्यांची उसळ, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, अंडे, ताक यांनी पोट भरलेले राहते. निद्रेचाही येथे संबंध आहे. २००४ साली शिकागो विद्यापीठातील एका प्रयोगात तरुणांची झोप दोन रात्री अपुरी ठेवली असता भूक वाढविणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढले, तृप्ती देणारे लेप्टिन घटले, आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची इच्छा विशेष वाढली.

तलफेशी झुंज घेण्यापेक्षा तिची वेळ व जागा हलविणे श्रेयस्कर. “लाडवाचा विचार करावयाचा नाही” असा निर्धार फारसा उपयोगी पडत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली दाखविले की, ज्याचा विचार टाळावयास सांगितले जाते तोच विचार पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. म्हणून डबा घरात न ठेवणे, परतीची वाट बदलणे, तलफेच्या वेळी रंकाळ्याकडे फेरी मारून येणे हे उपाय निर्धाराहून भरवशाचे. चहातील साखर एकदम बंद न करता पाव-पाव चमच्याने, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन, कमी करावी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सुमारे तीन महिने साखर कमी घेणाऱ्यांना तेच पदार्थ अधिक गोड लागू लागले. मात्र त्यांची गोडाची आवड काही कमी झाली नाही. म्हणजे जीभ सुधारते, आवड राहते. आणि आवड राहिली म्हणून निराश होऊ नये. कृत्रिम गोडी देणारे पदार्थ वजन ताब्यात ठेवण्यासाठी वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचविले आहे; मधुमेह असलेल्यांना ही सूचना लागू नाही.

येथे महाराष्ट्रात २०१८ साली गाजलेल्या वादाचा उल्लेख प्राप्त आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा आधार घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत, जेवावे असे सांगतात. ऋजुता दिवेकर थोडे थोडे पण ठराविक अंतराने खावे असे सांगतात, व घरच्या पारंपरिक गोडापेक्षा वेष्टनबंद पदार्थांतील साखर टाळण्यावर भर देतात. कोणते मत कोणास मानवेल, हे वैद्यकाने ठरवावे. भाषेच्या अभ्यासकास दिसते ते असे की, दोन्ही पद्धतींत ‘तोंडात टाकणे’ या निनावी क्रियेस जागा नाही. ‘जेवणे’ या क्रियेस आरंभ व शेवट असतो. ‘तोंडात टाकणे’ हिला तो नसतो. आपल्या जुन्या पंगतीत श्रीखंड वा पुरणपोळी जेवणाचाच भाग म्हणून पानात येत असे, त्यात हीच मर्यादा होती. गोड खावयाचे तर ते पानात वाढून, जेवणाबरोबर खावे, हा नियम दोहोंपैकी कोणत्याही पक्षास विरोधी नाही.

एक अपवाद स्पष्ट सांगितला पाहिजे. मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यास एकाएकी घाम, थरथर व गोड खाण्याची निकड जाणवली, तर ती भूक नव्हे, तलफही नव्हे. रक्तातील साखर धोक्याइतकी उतरल्याचे ते लक्षण असू शकते. तेथे संयम न करता तत्काळ साखर घ्यावी व वैद्यास कळवावे.

५. नकाराची भाषा

राहिली रीत. तिच्यावर आहारशास्त्रात औषध नाही. ते भाषेतच शोधावे लागते. व्हॅनेसा पॅट्रिक व हेन्रिक हॅग्टवेट यांनी २०१२ साली इंग्रजी भाषकांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, मोहाच्या वेळी “मला खाता येत नाही” अशा अर्थाचे शब्द स्वतःशी बोलणाऱ्यांपेक्षा “मी खात नाही” असे बोलणारे अधिक प्रमाणात निश्चयावर टिकले. पहिल्या वाक्यात बंदी बाहेरून येते, दुसऱ्यात ती आपलीच असते. मराठीत या दोहोंच्या जोडीला तिसरे वाक्य आहे : “मी सोडले आहे.” काशीयात्रेत आवडीचा एखादा पदार्थ सोडण्याची रूढी आपल्या समाजास परिचित असल्याने या क्रियापदास व्रताची प्रतिष्ठा आहे. “मला चालत नाही” म्हणताच “एकाने काय होते?” हा प्रश्न ठरलेला, “सोडले आहे” म्हणताच आग्रह बहुधा थांबतो. ज्यांना सर्वस्वी सोडावयाचे नाही त्यांनी प्रसादाएवढा कण घेऊन मान राखावा. प्रसादाचे माप मोठे नसते, हेही आपल्या परंपरेने ठरवून ठेवलेलेच आहे.

आग्रह करणाऱ्यासही एक कर्तव्य उरते. गूळ नसला तरी गुळाची वाचा असावी, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण गरिबाच्या घरची लाज राखण्यासाठी निघाली असावी. आज घरोघरी गूळही आहे आणि साखरही. तरी पाहुण्याच्या प्रकृतीखातर तो डबा न उघडता केवळ वाचेने त्याचे स्वागत करणे, हा त्या म्हणीचा नवा आणि अगदी रास्त उपयोग ठरेल.