एकच जागा, बारा फोटो

आपण उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन ऋतू मानतो. उत्तरेकडच्या थंड देशांत चार मानतात. वसंत, उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा. अशा देशातल्या एका शहरात ऋतूंचे फोटो कसे काढावेत, आणि त्यांचा उपयोग काय, ते आज पाहू.

युरोपच्या उत्तरेला फिनलंड देश आहे. हेलसिंकी ही त्याची राजधानी. शहर समुद्रकाठी आहे. आपल्याकडे थंडीतही दिवस सुमारे 11 तासांचा असतो. हेलसिंकीत डिसेंबरात तो 6 तासांहूनही लहान होतो. सकाळचे 9 वाजले तरी सूर्य उगवलेला नसतो. जूनमध्ये मात्र दिवस जवळजवळ 19 तासांचा! असे का होते? पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती कललेली. जूनमध्ये तिची उत्तर बाजू सूर्याकडे झुकलेली असते. डिसेंबरात तीच बाजू सूर्यापासून दूर असते. जितके उत्तरेला जावे, तितका हा फरक वाढतो.

या शहराच्या मधोमध तोलोनलाहती नावाची खाडी आहे. तिच्या काठाने झाडे आहेत, चालायची वाट आहे. समजा, आपण तिथे एक जागा ठरवली. दर महिन्याच्या 1 तारखेला, दुपारी 12 वाजता, तिथूनच फोटो काढला. वर्षाचे बारा फोटो झाले. ते ओळीने मांडले की काय दिसेल? फेब्रुवारीत खाडी गोठलेली, सगळे पांढरे. मेमध्ये पाणी मोकळे, झाडांना पालवी फुटायच्या बेतात. जुलैत दाट हिरवळ. ऑक्टोबरात पाने पिवळी नि तांबडी. डिसेंबरात फांद्या उघड्या, आणि भरदुपारी सूर्य अगदी खाली.

थंडीत फोटो काढताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, बर्फ फार चकाकतो. कॅमेऱ्याला वाटते उजेड जास्त झाला, म्हणून तो उजेड कमी घेतो. मग पांढरा बर्फ राखाडी दिसतो. अशा वेळी कॅमेऱ्याची कळ फिरवून उजेड थोडा वाढवावा. मोबाईलच्या कॅमेऱ्यातही ही सोय असते. दुसरी, गारठ्याने बॅटरी लवकर दमते. जादा बॅटरी अंगातल्या कपड्यात, उबेला ठेवावी. तिसरी, थंडगार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो ना? तसाच थंडीतून उबदार घरात आणलेल्या कॅमेऱ्यावर ओलावा धरतो. म्हणून बाहेर असतानाच तो पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे. घरात आल्यावर कॅमेरा गरम होईपर्यंत पिशवी उघडू नये.

आणि एक गोष्ट जिवाची. चांगल्या फोटोसाठी गोठलेल्या पाण्यावर पाऊल टाकू नये. वरून बर्फ सारखाच दिसतो, पण कुठे जाड असतो, कुठे पातळ. बर्फ मोडला तर माणूस गोठणाऱ्या पाण्यात जातो.

आता उपयोग काय ते सांगतो. माणसाची आठवण कच्ची असते. "यंदा बर्फ उशिरा पडला," असे एक म्हणतो. "छे, दरसालचेच आहे," असे दुसरा म्हणतो. फोटो समोर ठेवले की वाद मिटतो. पण त्यावर तारीख आणि जागा लिहिलेली हवी. तारीख नसलेला फोटो मुका साक्षीदार आहे.

फिनलंडच्या उत्तरेला टोर्ने नावाची नदी आहे. तिच्यावरचा बर्फ कोणत्या दिवशी फुटला, हे तिथल्या लोकांनी 1693 सालापासून लिहून ठेवले आहे. तेव्हा कॅमेरा नव्हता. लेखणी होती. त्या नोंदींवरून आज कळते की पूर्वीपेक्षा बर्फ आता लवकर फुटतो. हवा तापत चालली आहे, याचा हा पुरावा आहे.

हे काम आपल्यालाही जमेल. गावच्या तळ्याचा फोटो दर महिन्याला एकाच जागेवरून काढा. कॅमेरा नसेल तर पाणी कोणत्या पायरीपर्यंत आहे ते वहीत लिहा. पण तारीख घालायला विसरू नका.