रात्री डाउनलोड, दिवसा डीव्हीडी

साधारण २००५ ते २०१० या काळात शहरी मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटर आतल्या खोलीत असायचा आणि टीव्ही हॉलमध्ये. सिनेमा उतरायचा आत, बघायचा मात्र बाहेर, सगळ्यांनी मिळून. मधली दहा पावलं ओलांडायला लागायची ती ब्लँक डीव्हीडी.

बीएसएनएलच्या काही ब्रॉडबँड योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असे. झोपण्याआधी फाइल ‘डाउनलोडला लावणे’ हे दाराला कडी लावण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. पण २५६ केबीपीएसचा वेग अख्खा मिळाला, तरी ७०० एमबीला सहा तासांहून थोडा जास्तच वेळ लागे. आठ वाजायचे आणि फाइलचं शेपूट उरायचं. हा ७०० एमबीचा आकडा आला होता एका सीडीच्या क्षमतेवरून. जेरोम रोटा या फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ या व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या कोडेकमध्ये फेरफार करून डिव्हएक्स बाहेर काढलं, पुढे एक्सव्हिड आलं, आणि अख्खा सिनेमा एका सीडीत मावू लागला.

खरी कसरत सकाळी सुरू व्हायची. जुन्या डीव्हीडी प्लेयरच्या चिपला एमपेग-४ कळतच नसे. त्याला हवा एमपेग-२, पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, आणि ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये मांडलेल्या व्हीओबी फाइली. म्हणून कन्व्हर्ट करायचं. डीव्हीडी फ्लिक किंवा कन्व्हर्ट-एक्स-टू-डीव्हीडी लावायचं आणि कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. पेंटियम फोरवर एका सिनेमाला काही तास सहज जात. गंमत अशी, की ७०० एमबीची फाइल फुगून चार जीबीची होई, पण चित्र कणभरही सुधारत नसे. पहिल्यांदा दाबताना जे गेलं, ते परत कुठून येणार? सेकंदाला २४ फ्रेमच्या इंग्रजी सिनेमात तर कधी ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा.

डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असे, विंडोज दाखवी ४.३८. एक हजाराने मोजतो, दुसरा १०२४ ने. पण हा फरक कळेपर्यंत दुकानदाराने फसवलं असंच वाटे. मग ‘डीव्हीडी मारायची’. डिस्क १६ एक्स वेगाची असली तरी जाणकार मुद्दाम चार किंवा आठ एक्सवर राइट करत. डिस्कच्या दोन प्रकारांपैकी डॅश आर घ्यावी की प्लस आर, यावर तासन्‌तास खल चाले. जुने प्लेयर सहसा डॅश आर मुकाट्याने चालवत. प्लस आरला कधी ‘नो डिस्क’ म्हणून तोंडावर पाडत.

यातला बराचसा माल चोरीचा होता, हे सांगायला हवं. कॉपीराइट कायदा १९५७ पासून होता, धाडीही पडत. पण धाडींपेक्षा नेमकं उत्तर मोझर बेअरने दिलं, असं मला वाटतं. घरोघरी जिच्या ब्लँक डिस्क जळत होत्या त्याच कंपनीने २००७ च्या सुमारास अधिकृत सिनेमे विकायला काढले: व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये. त्या भावात रात्रभर मशीन चालू ठेवण्यात फारसा अर्थ उरला नाही. पुढे ही कंपनीही बुडाली. २०१८ मध्ये ती अवसायनात गेली.

कन्व्हर्ट करण्याची गरज मात्र आधीच संपत आली होती. डिव्हएक्स समजणारे स्वस्त प्लेयर आले आणि फाइल आहे तशी डिस्कवर टाकता येऊ लागली. मग प्लेयरच्या पुढच्या बाजूला यूएसबीचं तोंड आलं, पेनड्राइव्ह आला, आणि डीव्हीडी रायटर पडून राहिला. २०१६ मध्ये जिओचं स्वस्त इंटरनेट आल्यावर तर डाउनलोड करून ठेवण्याचंच कारण सरलं.

डीव्हीडी ठेवायच्या त्या जुन्या पाऊचमधल्या सिनेमांचं आता कुणाला काही वाटायचं कारण नाही. ते कुठे ना कुठे मिळतात. प्रश्न आहे त्याच पाऊचमधल्या दुसऱ्या डिस्कचा: लग्नाच्या, मुंजीच्या, आजोबांच्या पंचाहत्तरीच्या. शूटिंगवाल्याने त्याही रायटरवरच मारून दिल्या होत्या. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये खळगे साच्यातून उठवलेले असतात. घरच्या डिस्कमध्ये मजकूर असतो रंगद्रव्याच्या थरात, आणि तो थर उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने खराब होतो. कोकण-मुंबईच्या हवेत तर विचारायलाच नको.

यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. ‘व्हिडिओ टीएस’चं अख्खं फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, व्हीएलसी या प्लेयर सॉफ्टवेअरमध्ये ते जसंच्या तसं चालतं. कन्व्हर्ट करायच्या भानगडीत पडू नका. आणि एखादी डिस्क एका ड्राइव्हने वाचली नाही तर लगेच फेकू नका, दुसऱ्यात घालून बघा.