न खर्चलेले ८० लाख डॉलर

फेब्रुवारी २०१३. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक, ब्रायन ॲक्टन, याने कंपनीच्या बँक खात्याचा स्क्रीनशॉट काढून गुंतवणूकदार संस्था सिकोया कॅपिटलच्या जिम गोएट्झ यांना पाठवला. शिल्लक होती ८२ लाख ५७ हजार डॉलर. आता जमेकडे पाहा. २००९ मध्ये याहूतल्या जुन्या मित्रांनी दिलेले अडीच लाख आणि २०११ मध्ये सिकोयाने दिलेले ८० लाख, मिळून ८२ लाख ५० हजार. म्हणजे तोवर वीस कोटी वापरकर्ते झाले, पन्नासेक माणसं कामाला लागली, तरी गुंतवणूकदारांचे पैसे जसेच्या तसे. वर सात हजार जास्तच!

हा हिशेब पाहून थक्क व्हायला होतं, कारण व्हेंचर कॅपिटल दिलं जातं ते खर्चण्यासाठीच. माणसं भरा, जाहिराती करा, स्पर्धकाच्या आधी बाजार गाठा. स्टार्टअपवाले तर किती महिने पुरतील एवढे पैसे उरलेत, हे मोजतच जगतात. शिवाय हे पैसे कर्जाऊ नसतात, त्यांच्या बदल्यात कंपनीचा हिस्सा कायमचा द्यावा लागतो. एवढी किंमत मोजायची आणि रक्कम खात्यात पडू द्यायची, हे कसं?

आधी खर्च पाहू. सुरुवातीची काही वर्षं दोघा संस्थापकांनी पगारच घेतला नाही. जाहिरातींवर पैसा नाही, कारण ॲप माणसाकडून माणसाकडे आपसूक पोचत होतं. सगळ्यात मोठा सुरुवातीचा खर्च मात्र गमतीशीर होता: नवा वापरकर्ता आला की त्याचा नंबर खरा आहे ना, हे तपासायला पाठवायचा एसएमएस. तो अमेरिकेत दोन सेंटला जायचा, मध्यपूर्वेत पासष्ट सेंटला. एसएमएसची सद्दी संपवायला निघालेली कंपनी एसएमएसचंच बिल भरत होती! वाढ फार वेगाने झाली की हे बिल फुगायचं. मग ते ॲप अधूनमधून फुकटाचं विकत करत. फुकट असताना दिवसाला दहा हजार डाउनलोड होत, पैसे लावले की हजारावर येत. वाढीला मुद्दाम लगाम घालणारी स्टार्टअप! मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

खर्च कमी राहण्याचं दुसरं कारण सर्व्हरमध्ये दडलेलं होतं. व्हॉट्सॲपने एरलँग ही भाषा निवडली. ती एरिक्सन कंपनीत १९८०च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्मली. एकाच वेळी असंख्य कॉल चालू, त्यातला एखादा बिघडला तरी बाकीच्यांना धक्का नाही, ही तिची मूळ गरज. मेसेजिंगला नेमकं हेच हवं होतं. २०१२च्या सुरुवातीला या मंडळींनी एकाच सर्व्हरवर वीस लाखांहून अधिक कनेक्शन एका वेळी जोडून दाखवली. यंत्रं कमी लागली, ती सांभाळणारी माणसंही कमी लागली.

मग पैसे घेतले कशाला? खात्यात पडलेली ती रक्कम बसल्या जागी काम करत होती, असं मला वाटतं. दुसरा संस्थापक जान कूम याच्या टेबलावर ॲक्टनच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली असे: जाहिराती नाहीत, खेळ नाहीत, क्लृप्त्या नाहीत. असा नकार टिकवायचा तर पुढच्या महिन्याच्या पगाराची धास्ती नसावी लागते. ॲक्टनला ती धास्ती घरातूनच ठाऊक होती. त्याची आई मालवाहतुकीचा व्यवसाय चालवायची आणि कामगारांचे पगार कसे भागवायचे या काळजीने तिची झोप उडायची. म्हणूनच ८२ लाख शाबूत असताना २०१३ मध्ये त्यांनी सिकोयाकडून गाजावाजा न करता आणखी ५ कोटी डॉलर घेतले, केवळ हाताशी असावेत म्हणून. या वेळी कंपनीचं मूल्य ठरलं दीड अब्ज डॉलर.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, फेसबुकने १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घ्यायचा करार केला. तेव्हा वापरकर्ते होते ४५ कोटी, आणि इंजिनिअर फक्त ३२.