पाठीचा कणा आणि श्वास

माघ-फाल्गुनाचे दिवस आले, की धाराशिव जिल्ह्यातील अणदूरच्या शिवारात रब्बी ज्वारीच्या काढणीची लगबग सुरू होते. तुळजापूर तालुक्यातील हे गाव सोलापूर-हैदराबाद मार्गावर वसलेले असून खंडोबाच्या देवस्थानामुळे दूरवर परिचित आहे. या भागात ज्वारीची ताटे मुठीत धरून मुळांसकट उपटण्याची रीत आहे. कमरेत वाकावयाचे, ताट ओढावयाचे आणि पुन्हा उभे राहावयाचे, असे हे दिवसभराचे कष्टाचे काम. या कामात मुरलेल्या माणसाकडे क्षणभर निरखून पाहावे. वाकून ताट उपटताना त्याचा श्वास बाहेर पडतो, आणि पाठ सरळ करून तो उभा राहतो तेव्हा छाती भरून श्वास आत जातो. हा पाठ त्याला कोणी दिलेला नसतो. शरीरानेच तो त्याला शिकवलेला असतो.

पाठ वळते त्याप्रमाणे श्वास का बदलतो? योगासने शिकणाऱ्याला आणि त्याहूनही अधिक ती शिकवणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असणे अगत्याचे आहे.

‘कणा’ म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे एखादी ताठ काठी उभी राहते. वस्तुतः कणा ही काठी नसून मणक्यांची माळ आहे. तिच्यात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके असतात. त्यांच्या खालचे मणके वयाबरोबर परस्परांशी जुळून एकजीव होतात. जिराफाची मान एवढी लांब. पण तिच्यातही मणके सातच! दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची एक चिवट गादी असते. मानेतील पहिले दोन मणके तेवढे याला अपवाद. या गाद्यांमुळेच कणा वाकतो, वळतो आणि चालताना बसणारे हादरे सोसतो. दिवसभराच्या भाराने गाद्यांतील पाणी किंचित कमी होते. म्हणून सकाळच्या मानाने सायंकाळी माणसाची उंची सुमारे एक सेंटीमीटरने कमी भरते. रात्रीच्या विश्रांतीने ती पुन्हा भरून येते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो व त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. एवढे मोलाचे धन ज्याच्या स्वाधीन केले आहे, त्या कण्याशी दांडगाई करून कसे चालेल?

या माळेचे सर्व मणके सारखेच हलत नाहीत. मानेचे मणके चहूकडे सहज वळतात. कमरेचे मणके पुढे-मागे चांगले वाकतात. परंतु डावी-उजवीकडे ते फारच थोडे वळतात. छातीमागच्या मणक्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या जोडलेल्या असल्यामुळे ते पुढे-मागे बेताने वाकतात. मात्र कमरेच्या मणक्यांपेक्षा ते अधिक पिळता येतात. म्हणून शरीराला पीळ देणाऱ्या वक्रासनासारख्या आसनात पीळ मुख्यतः पाठीच्या वरच्या भागात यावा लागतो. जो मुलगा केवळ कमरेला हिसका देऊन मागे वळू पाहतो, तो जे काम कमरेचे नव्हे, तेच तिच्यावर लादतो.

आता श्वासाकडे वळू. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक स्नायू असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना हा घुमट खाली उतरतो, बरगड्या वर व बाहेर सरकतात आणि फुप्फुसांत हवा शिरते. श्वास सोडताना श्वासपटल पुन्हा वर चढते व बरगड्या पूर्वस्थितीला येतात. हे श्वासपटल कडेने खालच्या बरगड्यांना आणि मागील बाजूस दोन बळकट बंधांनी कमरेच्या मणक्यांनाच जोडलेले असते. म्हणजे बरगड्या कण्याला जोडलेल्या आणि श्वासपटलाची मुळेही कण्यातच रुजलेली. श्वास आणि कणा यांचे नाते असे प्रत्यक्ष हाडामांसाचे आहे. श्वास घेतला, की छाती वर येते व पाठ किंचित सरळ होते. श्वास सोडला, की ती सैलावते.

याची प्रचीती घेण्यास कोणतेही साहित्य लागत नाही. प्रथम पोक काढून बसावे आणि दीर्घ श्वास घेऊन पाहावा. मग पाठ सरळ करून, दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांवर ठेवून तसाच श्वास घ्यावा. पहिल्या वेळी श्वास मध्येच अडल्यासारखा वाटतो. दुसऱ्या वेळी बरगड्या हाताखाली पंख्यासारख्या उघडतात.

हे ध्यानात आले, की आसनांतील श्वासाचे नियम पाठ करावे लागत नाहीत. भुजंगासनात छाती वर उचलावयाची असते, म्हणून ती उचलताना श्वास घ्यावा. पश्चिमोत्तानासनात पुढे वाकताना पोट दाबले जाते व श्वासपटलाला खाली उतरण्यास जागा उरत नाही, म्हणून वाकताना श्वास सोडावा. वक्रासनात वळतानाही तसेच करावे, कारण भरलेली छाती पीळ घेण्यास अडथळा करते. आसन साधल्यावर श्वास कोंडून न धरता तो संथपणे चालू द्यावा.

येथे एक शंका उद्भवेल. धान्याचे जड पोते उचलणारा हमाल तर क्षणभर श्वास रोखून धरतो, त्याचे काय? त्याचेही बरोबरच असते. श्वास रोखल्याने पोट घट्ट होऊन कण्याला आतून आधार मिळतो व क्षणभराचा भार पेलता येतो. परंतु आसनात पाठीवर पोते नसते. तेथे श्वास आपोआप अडला, तर आपण शक्तीबाहेर ताण घेतला आहे, असे शरीर सांगत असते.

या विषयाचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास व्हावा, म्हणून महाराष्ट्रात मोठे कार्य झाले आहे. स्वामी कुवलयानंद यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म १८८३ साली झाला. राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामविद्येचे आणि परमहंस माधवदासजी यांच्याकडे योगाचे शिक्षण घेतले. केवळ परंपरेवर विसंबून न राहता योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, ते यंत्रांच्या साहाय्याने तपासावे, असे त्यांना वाटले. श्वास पूर्ण सोडून पोट आत व वर ओढण्याची उड्डियान नावाची एक क्रिया आहे. ती चालू असताना श्वासपटलाचे काय होते, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले. अशा क्रिया मुलांनी आपल्या मनाने करावयाच्या नसतात. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून आपले प्रयोग जगापुढे मांडले. १९६६ साली स्वामीजींचे निधन झाले. त्यांची संस्था आजही कार्य करीत आहे. आसने सावकाश करावीत, त्यांत हिसका नसावा, ही त्यांची शिकवण होती.

पुण्यास १९३७ साली आलेले बी. के. एस. अय्यंगार यांनी अध्यापनाची आणखी एक वाट दाखवली. बालपणी ते स्वतः वारंवार आजारी पडत. ज्याचे अंग आखडलेले आहे, त्यालाही कण्याची योग्य हालचाल साधावी, म्हणून त्यांनी घडीची कांबळी, लाकडी ठोकळे, पट्टे, दोर आणि खुर्च्या यांचा कुशलतेने उपयोग केला. हात पायांपर्यंत पोचत नसेल, तर पाठ ओढू नये, पायांना पट्टा लावून तो धरावा. किती साधी युक्ती! शरीराला आसनापर्यंत फरफटत न नेता आसनच शरीराजवळ आणावे, हा तिच्यातील विचार आहे.

शाळांतून आता योगासने शिकवली जातात आणि २०१५ सालापासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो. मैदानावर शेकडो मुले एकाच वेळी वाकताना पाहून समाधान वाटते. तथापि कवायतीतील ‘एक, दोन’ हा ठेका सर्वांच्या श्वासाला मानवत नाही. विश्रांतीच्या वेळी मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. मुलांचा त्याहून काहीसा जलद असतो, आणि दोन मुलांचाही अगदी सारखा नसतो. मोठ्याने दिलेल्या आकड्याबरोबर धावताना एखादे मूल श्वास कोंडते, दात आवळते आणि शेजाऱ्याचे कपाळ गुडघ्याला टेकले म्हणून आपलेही टेकवू पाहते. त्या चढाओढीत कपाळ टेकते खरे. पण पाठीचा स्नायू दुखावतो आणि मुलाच्या मनात आसनांविषयी भय बसते. असे मूल पुढे आसनांना कायमचे पारखे होण्याचा संभव असतो.

म्हणून जाणता शिक्षक विद्यार्थ्याचे कपाळ कोठवर पोचले, याची फारशी चौकशी करीत नाही. तो बरगड्यांकडे पाहतो, चेहऱ्याकडे पाहतो आणि श्वास संथ आहे ना, याकडे कान देतो. श्वास अडखळला, की तो दोन बोटे मागे येण्यास सांगतो. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख या दोन्ही गोष्टींचा उल्लेख केला आहे. त्या दोन्ही साधल्या आहेत की नाहीत, याची खूण श्वास देतो.

शिक्षक प्रत्येक वेळी जवळ असतोच असे नाही. श्वास मात्र सदैव जवळ असतो. त्याला विचारून जो वाकतो, त्याचा कणा लवचीक होतो आणि वेळ येताच ताठ उभाही राहतो.